विडी-सिगारेट, तोंडातले जिवाणू आणि हिरड्यांचा आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोकांनी दवाखान्यात, फोनवर आणि मेसेजवर पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. काही ओढणाऱ्यांनी स्वतः विचारले, बरेचसे त्यांच्या घरच्यांनी. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी कळावं असं लिहिलं आहे. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हिरड्यांचा आजार म्हणजे नेमकं काय? पायोरिया म्हणतात तो हाच का?

हो, पण त्याच्या दोन पायऱ्या वेगळ्या ओळखायला हव्यात. दातांवर रोज एक चिकट थर बसतो, त्याला प्लाक म्हणतात. तो निघाला नाही तर हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. ही पहिली पायरी, जिंजिव्हायटिस. ती पूर्ण बरी होते. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे बारा निरोगी माणसांनी ठरवून दात घासणं बंद केलं होतं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात पूर्ववत झाल्या.

दुसरी पायरी पेरिओडॉन्टायटिस, म्हणजे आपला पायोरिया. यात सूज खोल उतरते, हिरडी दातापासून सुटते, मध्ये खाच पडते (तिला डॉक्टर पॉकेट म्हणतात) आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. पहिल्या पायरीवर धरलं तर सगळं परत मिळतं, दुसरीवर धरलं तर उरलेलं वाचतं.

२. जिवाणू तर सगळ्यांच्याच तोंडात असतात. मग ते एकाला त्रास देतात आणि दुसऱ्याला नाही, असं का?

माणसांच्या तोंडात आजवर सुमारे ७०० जातींचे जिवाणू सापडले आहेत. एका माणसाच्या तोंडात त्यातल्या काहीच जाती राहतात, आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. कित्येक तर उपयोगी असतात, कारण त्या जागा अडवून बसतात आणि त्रासदायक जातींना पाय रोवू देत नाहीत.

१९९८ साली बॉस्टनच्या फॉर्सिथ संस्थेतल्या सिग्मंड सोक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरडीखालच्या जिवाणूंचे, कोण कोणासोबत राहतं ते पाहून, गट पाडले आणि गटांना रंगांची नावं दिली. पायोरियाशी सगळ्यात घट्ट नातं असलेला तो लाल गट. त्यात तिघे येतात: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. या तिघांना प्राणवायू मानवत नाही. पॉकेट जितकं खोल, तितकी त्यांची सोय. त्यातला पहिला तर संख्येने थोडा असला तरी आसपासच्या सगळ्या वस्तीची घडी विस्कटू शकतो.

म्हणजे बाहेरून एखादा जंतू आला आणि आजार झाला, असं इथे होत नाही. जुन्याच वस्तीतला तोल जातो. तो कुणाचा लवकर जातो, कुणाचा उशिरा. त्याबद्दल प्रश्न २० पाहा.

३. धुराने आणि दारूने तोंडातले जंतू मरत नाहीत का?

हा समज फार जुना आहे आणि त्याची परीक्षाही तितकीच जुनी आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूकने १६८३ साली स्वतः बनवलेल्या सूक्ष्मदर्शकातून दातांवरचा मळ पाहिला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून त्यातल्या हलत्या जीवांचं वर्णन कळवलं. त्याच पत्रात एका गृहस्थाची हकिगत आहे. हे गृहस्थ सकाळी ब्रँडी घ्यायचे, दुपारी वाइन आणि तंबाखू. एवढ्यात हे जीव तगतात तरी का, असं लेव्हेनहूकला वाटलं. थुंकीत आणि दातांवरच्या मळात त्याला विशेष काही मिळालं नाही, पण दातांच्या फटीतून काढलेल्या मळात ते जिवंत होते.

आजची भाषा वापरायची तर काही जिवाणू धुराने खरंच कमी होतात. अडचण अशी की कमी होतात ते बहुतांशी चांगले, प्राणवायूवर जगणारे. अमेरिकेत १२०४ प्रौढांच्या तोंडातले जिवाणू तपासून २०१६ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रोटिओबॅक्टेरिया नावाच्या मोठ्या गटाचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांत ११.७ टक्के होतं आणि सिगारेट ओढणाऱ्यांत ४.६ टक्के. शेतात तणनाशक मारावं, पीक जळावं आणि तण तेवढं उभं राहावं, तसा हा प्रकार आहे.

४. मग धुरामुळे हिरडीखालच्या जिवाणूंमध्ये नेमका काय बदल होतो?

तीन-चार गोष्टी एकाच वेळी होतात.

पहिली गोष्ट हवेची. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो आणि निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. ओढणाऱ्यांच्या पॉकेटमध्ये प्राणवायू कमी असतो, हे मोजून पाहिलेलं आहे. लाल गटाला (प्रश्न २) हवी तशीच जागा आयती तयार होते.

दुसरी गोष्ट वस्ती बसण्याच्या क्रमाची. दात स्वच्छ केल्यावर पुन्हा थर बसताना आधी सौम्य जाती येतात, त्या स्थिरावतात आणि बाकीच्यांना सावकाश जागा मिळते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात पूर्णिमा कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओढणारे आणि न ओढणारे अशा दोघांचेही दात साफ करून पुढच्या आठवड्यात कोण कधी येऊन बसतं ते पाहिलं. न ओढणाऱ्यांत हा क्रम नीट पाळला गेला. ओढणाऱ्यांत तो विस्कटलेला होता, आणि आजाराशी संबंधित जाती अगदी सुरुवातीलाच हजर होत्या. याच गटाने २०१५ साली आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते: ज्यांच्या हिरड्या तपासणीत निरोगी दिसतात, अशा ओढणाऱ्यांच्याही हिरडीखाली आजाराकडे झुकलेली वस्ती आधीच तयार असते. आजार दिसण्याच्या कितीतरी आधी ही तयारी झालेली असते.

तिसरी गोष्ट जिवाणूच्या स्वतःच्या वागण्याची. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिसला प्रयोगशाळेत सिगारेटच्या धुराचा अर्क दिला, तेव्हा त्याच्या अंगावरचे चिकटायला उपयोगी पडणारे बारीक तंतू वाढले आणि बाहेरचं आवरण कमी झालं. असा बदललेला जिवाणू पृष्ठभागाला जास्त चिकटतो, आणि शरीराच्या पेशी मात्र त्याच्याविरुद्ध नेहमीपेक्षा कमी खवळतात. केंटकीतल्या लुइव्हिल विद्यापीठाचं हे काम आहे.

चौथी बाजू आपल्या पहारेकऱ्यांची. जिवाणूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी धुरामुळे मंदावतात आणि काही प्रतिपिंडंही कमी होतात.

जुन्या पुस्तकांत ‘ओढणाऱ्यांच्या आणि न ओढणाऱ्यांच्या जिवाणूंत फरक नाही’ असंही वाचायला मिळेल. ते लिहिणाऱ्यांनी प्रामाणिकपणेच लिहिलं होतं. त्या काळी मोजक्या जाती वाढवून मोजत. जनुकीय पद्धतीने सगळी वस्ती एकदम वाचता यायला लागली, तेव्हा फरक दिसला.

५. सिगारेट ओढल्यावर लगेच ब्रश केला किंवा चूळ भरली तर?

वास कमी होईल, डाग थोडे कमी पडतील. पण निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसातून रक्तात जातात आणि रक्तातून हिरडीपर्यंत पोहोचतात. चूळ तिथवर जात नाही.

६. माझ्या हिरड्यांतून कधीच रक्त येत नाही. म्हणजे हिरड्या चांगल्या आहेत ना?

तुम्ही ओढत नसाल तर हे चांगलं लक्षण आहे. ओढत असाल तर या एका गोष्टीवर विसंबू नका. सगळे प्रश्न वाचायला वेळ नसेल, तर ओढणाऱ्याने एवढं एक उत्तर वाचावं.

हिरडीतून रक्त येणं ही शरीराची हाक असते. जिवाणू साठले की तिथला रक्तपुरवठा वाढतो, हिरडी लाल होते, ब्रश लागताच रक्त येतं आणि माणूस घाबरून दवाखाना गाठतो. धूर ही हाकच दाबून टाकतो. स्वीडनमध्ये १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ओढणाऱ्यांनी आणि न ओढणाऱ्यांनी काही आठवडे दात घासले नाहीत. दोघांच्या दातांवर थर जवळपास सारखाच साठला. पण ओढणाऱ्यांच्या हिरड्या कमी लाल झाल्या आणि त्यांतून रक्तही कमी आलं.

म्हणजे घाण तेवढीच आणि लक्षण मात्र अर्धवट. राखणीच्या कुत्र्याला गुंगीचं औषध घातलं तर घर शांत राहतं, पण चोर आत असतोच. ओढणाऱ्यांच्या हिरड्या बऱ्याचदा फिकट, जाडसर आणि घट्ट दिसतात. घरच्यांना वाटतं, काय मजबूत हिरड्या आहेत! आत हाड झिजत असतं. ‘दात आपोआपच हलायला लागले’ असं सांगत येणाऱ्या पन्नाशीतल्या पुरुषांकडून ‘रक्त? कधीच नाही’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मला हायसं न वाटता काळजी वाटते.

७. रक्ताची खूण चालत नसेल, तर आजार ओळखायचा कसा?

दंतवैद्याकडे मिलीमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई असते, तिला प्रोब म्हणतात. ती हिरडी आणि दात यांच्या फटीत अलगद घालून खोली मोजतात. तीन मिलीमीटरपर्यंत ठीक. चार किंवा जास्त, आणि तेही अनेक दातांपाशी, म्हणजे लक्ष द्यायला हवं. सोबत एक्स-रे काढला की हाडाची उंची कळते. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजायचं असतं, त्याला वेळ लागतो. ‘मी सिगारेट ओढतो, हिरड्यांची खोली मोजून द्या’ असं तुम्ही स्वतःहून सांगा. सांगायला संकोच करू नका, ही माहिती लपवली तर उपचार चुकतो.

घरी लक्ष ठेवायच्या खुणा: दात लांब दिसू लागणं, पुढच्या दातांत नव्याने फट पडणं, दोन दातांत रोज अन्न अडकणं, न जाणारा दुर्गंध, चावताना एखादी दाढ ‘वेगळी’ लागणं.

८. मी दिवसाला तीन-चारच ओढतो. एवढ्याने काय होतं?

कमी ओढली तर धोका कमी असतो, पण शून्य नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीवरून २००० साली जो हिशेब मांडला गेला, त्यात रोज नऊ किंवा त्याहून कमी सिगारेटी ओढणाऱ्यांत पेरिओडॉन्टायटिसची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे २.८ पट होती. रोज ३१ किंवा जास्त ओढणाऱ्यांत ती सुमारे ५.९ पट होती. सगळे ओढणारे एकत्र धरले तर जवळपास चौपट.

२०१८पासून जगभर वापरात असलेल्या वर्गीकरणातही संख्येला जागा आहे. पेरिओडॉन्टायटिस झालेला माणूस ओढत असेल आणि रोजच्या सिगारेटी दहाच्या आत असतील, तर आजार कमीत कमी ‘बी’ श्रेणीचा धरतात. दहा किंवा जास्त असतील तर ‘सी’, म्हणजे वेगाने वाढू शकणारा. दहा ही धोक्याची सुरुवात नव्हे, धोका अधिक गडद होतो ती रेषा आहे.

९. विडी सिगारेटपेक्षा बरी ना? पानाचीच तर असते, तंबाखूही चिमूटभर.

तंबाखू कमी असते हे खरं. पण टेंभुर्णीचं पान, म्हणजे तेंदूपत्ता, कागद जशी हवा आतबाहेर जाऊ देतो तशी जाऊ देत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके भराभर आणि खोल घ्यावे लागतात. फिल्टर नसतो. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड, निकोटीन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही. प्रश्न ४मधल्या अभ्यासांतली माणसं सिगारेट ओढणारी होती, पण कमी प्राणवायू आणि आकसलेल्या रक्तवाहिन्या ही जी कारणं तिथे सांगितली, ती विडीच्या धुरातही पुरेपूर आहेत.

गोंदिया-भंडाऱ्याच्या रानात हे पान तोडणारे आणि सोलापूर-सिन्नरला विड्या वळणारे हात कष्टाचे आहेत, हे मनात ठेवूनच हे लिहितो आहे. त्यांच्या घरातल्या माणसांनाही हीच माहिती मिळायला हवी.

१०. मी ओढत नाही, मशेरी लावते. आई म्हणायची मशेरीने दात घट्ट राहतात. माझ्या हिरड्यांचं काय?

हा प्रश्न महाराष्ट्रात सगळ्यात आधी विचारला जायला हवा. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ ओढणारे आढळले, तर बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. बायकांमध्ये ओढणाऱ्या १.४ टक्के आणि बिनधुराची वापरणाऱ्या १६.६ टक्के.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. ती बोटाने हिरडीवर फिरवली की निकोटीन आत शिरतं, तरतरी येते, ठणका बोथट होतो. त्यालाच लोक ‘दात घट्ट झाले’ म्हणतात. दात मात्र घट्ट होत नाही. काही दिवसांनी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही, असं वाटायला लागतं; ते व्यसन. दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२पासून बंदी आहे.

धूर आणि मशेरी यांच्या परिणामांत फरक मात्र आहे. धूर रक्तावाटे सगळ्या हिरड्यांवर परिणाम करतो. मशेरी किंवा गालात धरलेली तंबाखू जिथे बसते तिथे जास्त इजा करते: हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं, पांढरा चट्टा येतो. प्रश्न ४मधले जिवाणूंबद्दलचे निष्कर्ष धुराचे आहेत, ते जसेच्या तसे मशेरीला लावू नका. मशेरीची भीती वेगळी आणि मोठी आहे, ती तोंडाच्या कर्करोगाची. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं यांपैकी काही दिसलं तर हिरड्यांचा विचार नंतर, आधी त्याची तपासणी.

११. हुक्का किंवा व्हेप घेतला तर हिरड्या वाचतात का?

हुक्क्याचा धूर पाण्यातून आला तरी धूरच असतो, कार्बन मोनॉक्साइडसकट.

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, विकायला आपल्याकडे २०१९पासून कायद्याने बंदी आहे, तरी तरुण मुलं हा प्रश्न विचारतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ओहायोच्याच (प्रश्न ४) अभ्यासात, हिरड्या निरोगी दिसणाऱ्या व्हेपकऱ्यांच्या हिरडीखाली पायोरियाच्या रुग्णांशी मिळतीजुळती वस्ती सापडली, आणि जिवाणूंनी स्वतःभोवती चिकट आवरणही जास्त बनवलेलं दिसलं. निकोटीन नसलेल्या व्हेपमध्येही हा परिणाम दिसला.

१२. नवरा ओढतो, मी नाही. त्याच्यामुळे मला हिरड्यांचा आजार होऊ शकतो का?

दोन वाटा आहेत. एक, घरातला धूर: दुसऱ्याचा धूर सतत श्वासात जाणाऱ्यांत पायोरियाचं प्रमाण जास्त आढळलं आहे. दोन, लाळ: नवरा-बायकोच्या तोंडात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिसचा अगदी एकच वाण सापडल्याची उदाहरणं आहेत. पण जिवाणू पोहोचला म्हणजे आजार झाला असं नाही (प्रश्न २). घाबरून ताट-पेला वेगळा करू नका. त्याने घरात ओढू नये आणि दोघांनीही तपासून घ्यावं.

१३. स्केलिंग केलं तरी सहा महिन्यांत पुन्हा तेच. पैसे वाया गेले का?

नाही, पण ओढणाऱ्यांत त्याचा फायदा कमी दिसतो हे खरं आहे. दातांवरचं आणि मुळांवरचं कीटण (कडक झालेला थर) खरवडून काढलं की न ओढणाऱ्याचं पॉकेट जितकं भरून येतं, तितकं ओढणाऱ्याचं येत नाही. हिरडीच्या पेशींची नवं ऊतक बांधायची ताकद घटलेली असते, आणि साफ केलेल्या जागी वाईट जाती लवकर परततात (प्रश्न ४). म्हणून ओढणाऱ्याने वर्षातून एकदा येऊन भागत नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी आणि गरजेप्रमाणे सफाई, हे मी तरी आग्रहाने सांगतो.

‘स्केलिंगने दात सैल होतात’ हा समज यातूनच आला आहे. आजाराने सैल झालेल्या दाताला कीटणाने धरून ठेवलेलं असतं. कीटण निघालं की खरी अवस्था कळते.

१४. सरळ अँटिबायोटिक घेऊन हे जिवाणू मारून टाकता येत नाहीत का?

नुसत्या गोळ्यांनी नाही. दातावरचा थर ही एकमेकांना चिकटून, चिकट आवरणात राहणारी वस्ती असते. औषध तिच्या आत पुरेसं पोहोचत नाही. आधी ती हाताने, यंत्राने मोडावी लागते. गंभीर आजारात, सफाईसोबत, डॉक्टर कधी कधी अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल एकत्र देतात. तो निर्णय त्यांचा. दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नका, आणि मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू अजिबात नको. गोळ्यांचा कोर्स आठवड्याभरात संपतो. धूर चालू राहिला तर वाईट जातींना हवी तशी जागाही तशीच राहते.

१५. माउथवॉश किंवा मिठाच्या गुळण्या पुरेशा आहेत का?

कोमट मिठाच्या पाण्याने बरं वाटतं, जरूर करा. क्लोरहेक्झिडिनचा माउथवॉश सफाईनंतर थोडे दिवस उपयोगी पडतो. पण दोन्ही खोल पॉकेटच्या तळाशी पोहोचत नाहीत. क्लोरहेक्झिडिन महिनोन् महिने वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते.

१६. सिगारेट सोडली आणि महिन्याभरात हिरड्यांतून रक्त यायला लागलं! सोडणं बाधलं का?

नाही. धुराने दाबलेली शरीराची हाक परत आली आहे.

या एका गैरसमजापायी लोक पुन्हा ओढायला लागतात, म्हणून हे नीट सांगतो. ब्रिटनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २७ जणांनी सिगारेट सोडली. सोडण्याआधी प्रोब लावल्यावर त्यांच्या १६ टक्के जागांतून रक्त येत होतं. चार ते सहा आठवड्यांनी हे प्रमाण ३२ टक्क्यांवर गेलं, तेही दातांची स्वच्छता आधीपेक्षा सुधारलेली असताना. आकसलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, आजवर दबलेली सूज दिसू लागते (प्रश्न ६). आजार नवा नसतो, तो दिसू लागतो एवढंच.

अशा वेळी ब्रश बंद करू नका. मऊ ब्रशने घासत राहा आणि त्या आठवड्यात सफाई करून घ्या. शरीर आता उपचाराला साथ देण्याच्या अवस्थेत आलेलं असतं.

१७. सोडल्यावर जिवाणू पुन्हा पहिल्यासारखे होतात का? किती दिवसांत?

होतात, आणि हे मला दर वेळी सांगायला आवडतं. पायोरियावर उपचार घेणाऱ्यांचा वर्षभर पाठपुरावा केला गेला, तेव्हा सोडणाऱ्यांच्या हिरडीखालची वस्ती निरोगी बाजूला सरकलेली दिसली. ओढत राहिलेल्यांची जिथल्या तिथे राहिली. पॉकेटही सोडणाऱ्यांची जास्त भरली. प्रश्न ३मधल्या १२०४ जणांच्या अभ्यासातही, पूर्वी ओढणाऱ्यांच्या तोंडातली वस्ती कधीच न ओढणाऱ्यांसारखी होती.

आजाराचा धोका उतरायला मात्र वेळ लागतो. प्रश्न ८मधल्या अमेरिकी हिशेबात, सोडून दोन वर्षांपर्यंत तो न ओढणाऱ्यांच्या सुमारे ३.२ पट होता. अकरा वर्षं झाल्यावर १.१५ पट, म्हणजे जवळपास बरोबरीला.

सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे. निकोटीनचं च्युइंगम वापरलं तर चालेल का, असंही विचारतात. चालेल. त्यात धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. फक्त ते सतत चघळायचं नसतं. चुरचुरायला लागलं की गालात ठेवायचं आणि जागा बदलत राहायची. हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

१८. मला मधुमेह आहे आणि मी ओढतोही. वेगळी काळजी घ्यावी का?

हो. दोन्ही गोष्टी हिरडीची प्रतिकारशक्ती दोन बाजूंनी खच्ची करतात. प्रश्न ८मधल्या वर्गीकरणात एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ किंवा जास्त असेल तर त्या एका कारणानेही आजार ‘सी’ श्रेणीत जातो. उलट बाजूने, हिरड्यांची सूज साखर वाढवते, आणि उपचार केल्यावर साखर थोडी आटोक्यात यायला मदत होते. मधुमेहाच्या डॉक्टरांना हिरड्यांचं सांगा आणि दंतवैद्यांना साखरेचा रिपोर्ट दाखवा.

१९. दात गेलेच आहेत, आता इम्प्लांट बसवतो. त्याला तर कीड लागत नाही, मग ओढलं तर काय?

कीड लागत नाही, पण भोवतीचं हाड तुमचंच असतं. त्याच कुळातले जिवाणू इम्प्लांटभोवतीही पॉकेट करतात. ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचा धोका सुमारे दुप्पट आहे. बसवण्याआधी उरलेल्या दातांचा पायोरिया आटोक्यात आणणं आणि सिगारेट सोडणं, या दोन्ही गोष्टी ऑपरेशनच्या तारखेआधी व्हायला हव्यात.

२०. आमच्या काकांनी चाळीस वर्षं विडी ओढली आणि बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत. आणि मी बारा वर्षांपूर्वी सोडूनही माझे दात हलतात. हे कसं?

दोन वेगळी उत्तरं आहेत.

काकांबद्दल: तेच जिवाणू सगळ्यांच्या हाडाला सारखी झळ पोहोचवत नाहीत. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या ४८० पुरुषांची १९७०पासून पंधरा वर्षं तपासणी झाली. त्यांना दंतोपचार मिळत नव्हते आणि दात घासायची रीतही नव्हती. त्यांच्यात सुमारे ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांच्या हिरड्या सुजल्या तरी आजार तिथेच थांबला. हा फरक बराचसा शरीराच्या प्रतिसादाचा असतो, आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे. काका त्या ११ टक्क्यांसारखे असू शकतात. किंवा त्यांची खोली कधी मोजलीच गेली नसेल, हेही शक्य आहे. फक्त दात जागेवर आहेत एवढंच पाहून आपण शाबूत म्हणतो. त्यांना एकदा घेऊन या.

तुमच्याबद्दल: वस्ती सुधारली, धोका उतरला, पण ओढण्याच्या वर्षांत झिजलेलं हाड परत आलं नाही. कमी हाडावर उभा असलेला दात पुढे थोड्याशा सुजेनेही हलू लागतो. तुम्ही सोडली नसती तर यातले काही दात एव्हाना गेले असते. आता प्रोबने मोजणी, एक्स-रे आणि खोल सफाई. जिथे हाडाची खाच योग्य आकाराची असेल तिथे शस्त्रक्रियेने काही हाड परत मिळवताही येतं. हलणारे दात शेजाऱ्यांना बारीक तारेने बांधून आधार देता येतो. उपटायची घाई करू नका, आधी मोजून घ्या.